रोयणीचे पाखरू आणि चढणीचा मासा

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला आहे, मातीचा वास अजून हवेत आहे, आणि दिवेलागणीला घरातील दिव्याभोवती एकाएकी पंखांचा पाऊस सुरू झाला आहे, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? बडोदे असो, इंदूर असो की हैदराबाद, अशा संध्याकाळी घरातील वडीलधारी माणसे लगबगीने दिवे मालवतात, एकच दिवा ठेवून त्याच्याखाली पाण्याने भरलेली परात मांडतात, आणि सकाळी केरसुणीपुढे पंखांचा ढीग जमतो. वाढलेल्या पानात पडणारे हे पाखरू म्हणजे केवळ एक उपद्रव, अशीच बहुतेकांची समजूत असते. ज्याच्या लहानपणीचे दोन-चार जून महिने गोव्यात किंवा कोकणात गेले, त्याला मात्र ते पाखरू दिसले की नदीची आठवण होते. निदान मला तरी होते. त्या आठवणीची, आणि तिच्यामागून उमगलेल्या एका गोष्टीची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे आजोळ केरी. गोव्यात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. सत्तरी तालुक्यात चोर्ला घाटाच्या पायथ्याशीही एक केरी आहे. आमची केरी ती नव्हे. गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते तेथे दक्षिण तीरावर आमचे गाव आहे. समोरच्या तीरावर टेकडीच्या टोकाशी तेरेखोलचा किल्ला दिसतो. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा फडकविला. नदी सिंधुदुर्गातील सह्याद्रीच्या कुशीतून निघते, बांद्यावरून वाहत येते, आणि केरीला पोचेपर्यंत तिची खाडी झालेली असते. भरतीला समुद्र तिच्यात शिरतो, ओहोटीला ती समुद्रात शिरते. गावाच्या पाठीशी जांभ्या दगडाचा उघडा सडा आहे. सड्यावर पडलेले पाणी पावसाळ्यात लहान लहान ओहोळांनी खाली येते. या ओहोळांना तिकडे व्हाळ म्हणतात. व्हाळ शेतांच्या कुणग्यांतून फिरत फिरत अखेर खाडीला मिळतो. आमच्या मामांच्या घरामागून असाच एक व्हाळ जात असे.

पहिल्या पावसाशी शर्यत

१९६८ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. आम्ही बडोद्याहून मे महिन्यात निघत असू. सावंतवाडीपर्यंत गाडी आणि एस.टी., पुढे आरोंदा, तेथून होडीने तेरेखोल नदी ओलांडून किरणपाणी आणि मग बैलगाडी, असा तो प्रवास असे. परतण्याचा दिवस मात्र शाळेने ठरविलेला असे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडे आणि गोव्यात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस येई. त्यामुळे पहिला पाऊस आम्हांला सापडणार की हुकणार, ही दरवर्षीची शर्यत असे. त्या वर्षी पाऊस जिंकला, म्हणजे आमच्या परतीच्या तीन दिवस आधी आला.

दुपारभर कोसळून तो संध्याकाळी उघडला. मामा अंगणाच्या कडेला उभे होते. कुंपणापलीकडे मातीचे एक उंच वारूळ होते. त्याला तिकडे रोयण म्हणतात. गोव्यात आणि दक्षिण कोकणात सातेरी देवीची पूजा या रोयणीच्याच रूपात होते. कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीऐवजी वारूळच असते. जमीन हीच आई, आणि जमिनीच्या पोटातून वर आलेली ही माती तिचे रूप, असा त्यामागील भाव आहे. पुढे पावसाचा जोर स्थिरावला की याच रोयणींवर अळमी उगवतात, आणि ती मिळाली की घरात सणाचा आनंद होतो. वारुळातील वाळवी एका बुरशीची शेती करते, त्या बुरशीलाच ही छत्री येते.

त्या संध्याकाळी रोयणीच्या अंगावर बारीक बारीक भोके पडली होती आणि प्रत्येक भोकातून पंख असलेली वाळवी धुरासारखी वर येत होती. बुलबुल, कोतवाल, कावळे सगळेच तुटून पडले होते. बेडकांना तर तोंड मिटायला सवड नव्हती. मी आ वासून पाहत राहिलो. मामा म्हणाले, "हे काय बघतोस? गरी घे आणि चल व्हाळावर."

शिसे काढून टाकले

केरीत गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. त्या सुट्टीत मी रोज खाडीच्या काठी गरवायला बसत होतो. बांबूची काठी, तंगूस, टोकाला गरी, तिला कोळंबीचा तुकडा आणि बुडण्यासाठी शिशाची गोळी, एवढे माझे सामान होते. व्हाळावर पोचल्यावर मामांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दाताने ती शिशाची गोळी सोडविली. मोठी गरी काढून नखाएवढी बारीक गरी बांधली आणि तिच्यावर एक जिवंत पाखरू अलगद टोचले. "आज मासा तळाला नाही, वर आहे," ते म्हणाले. "पाण्याकडे बघ."

मी पाहिले. व्हाळाच्या संथ डोहावर जागोजागी वर्तुळे उठत होती. थकून पाण्यात पडलेली पाखरे पंख पसरून वाहत येत होती. एखादे पाखरू विशिष्ट जागी आले की खालून एक तोंड वर येई, 'टप्' असा बारीक आवाज होई आणि पाखरू नाहीसे होई. मासे इकडेतिकडे धावत नव्हते. प्रत्येकाने आपली जागा धरली होती आणि प्रवाह त्याच्या तोंडाशी अन्न आणून देत होता. मामांनी मला खालच्या अंगाला, माशांच्या पाठीमागे, गुडघ्यांवर बसविले, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो आणि मागचे त्याला कमी दिसते. मी वरच्या बाजूला पाखरू टाकले. ते तरंगत खाली आले. वर्तुळ उठले. काठीला हिसका बसला. बोटभर लांबीचा चांदीच्या खवल्यांचा मासा हाती आला. अर्ध्या तासात मी अकरा मासे धरले. पुढे काळोख पडला, पाखरे संपली आणि जणू कोणी दार लावून घ्यावे तसे पाणी गप्प झाले.

हँपशरमधील एक दुपार

त्या अर्ध्या तासाला जगात एक मोठे शास्त्र आहे हे मला पन्नास वर्षांनी कळले. मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये आहे. त्याच्याकडे गेलो असता मे महिन्याच्या अखेरीस आम्ही विंचेस्टर गाव पाहायला गेलो. तेथील कथीड्रलमध्ये आयझॅक वॉल्टनची समाधी आहे. मासे गरवण्यावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये निघाला. गावातून इचेन नावाची नदी वाहते. चुनखडीच्या डोंगरातून झिरपलेले तिचे पाणी इतके नितळ असते की तळाचा खडा अन् खडा दिसतो. काठावर एक वृद्ध गृहस्थ गुडघ्यांवर बसले होते, आणि ते ज्या पाण्याकडे टक लावून होते त्याच्यावर वर्तुळे उठत होती. मला एकदम मामा दिसले.

तेथे पाखरू असते मेफ्लाय नावाचे. त्याचे जीवन विलक्षण आहे. अंड्यातून निघालेला जीव वर्ष-दोन वर्षे नदीच्या तळातील गाळात राहतो. मग वसंत सरता सरता एके दिवशी वर येतो, पाण्याच्या पृष्ठावर कात टाकतो आणि उडतो. पंख फुटल्यावरही तो आणखी एकदा कात टाकतो. कीटकसृष्टीत हे अन्यत्र आढळत नाही. प्रौढ पाखराला खाण्याजोगे तोंडच नसते. काही तास, फार तर दिवस-दोन दिवस, एवढेच त्याचे आकाश. तेवढ्यात जोडी जमवायची, पाण्यावर अंडी सोडायची आणि पंख पसरून वाहून जायचे. हजारो पाखरे एकाच वेळी वर येतात तेव्हा त्या नदीतील ट्राउट मासा एरवीचा सावधपणा विसरून पृष्ठावर येतो.

तेथील माणूस जिवंत पाखरू टोचत नाही. तो पिसे आणि रेशीम गुंडाळून गरीवरच हुबेहूब पाखरू बनवितो आणि ते कोरडे राहून तरंगेल अशा बेताने टाकतो. म्हणूनच या पद्धतीला 'ड्राय फ्लाय' म्हणजे कोरडी माशी असे नाव आहे. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ आणि १८८९ मध्ये तिच्यावर दोन ग्रंथ लिहिले आणि तिला जवळजवळ धर्मशास्त्राचे रूप दिले. वर्तुळ उठल्याशिवाय गरी टाकायची नाही, आणि टाकायची ती प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच, असे त्याचे दंडक होते. आमच्या मामांनी हॅलफर्डचे नाव ऐकले नव्हते. तरी शिसे काढणे, माशामागे बसणे आणि वरच्या अंगाला टाकणे हे सारे ते करीत होते. पाण्याकडे नीट पाहणारी माणसे कोठेही असली तरी सारख्याच निष्कर्षाला येतात.

ट्राउट आपल्या देशात आला तो साहेबांच्या हौसेने. १९०० मध्ये त्याची अंडी काश्मिरात आणून वाढविण्यात आली आणि पुढील दशकात निलगिरीतही तो रुजला. त्याला थंड पाणी लागते. केरीच्या कोमट पाण्यात तो एक दिवसही तगणार नाही. परंतु पाखरांचा निघण्याचा मुहूर्त, माशांचे वर येणे आणि माणसाने तो मुहूर्त ओळखणे, हा तिपेडी खेळ दोन्हीकडे एकच आहे. पाखरे एकाच संध्याकाळी का निघतात, याचेही उत्तर एकच. वाळवीला ओली, मऊ माती हवी असते. पंख गाळून टाकल्यावर नर-मादीच्या जोडीला त्याच मातीत घर करायचे असते. पण सर्वांनी एकदमच निघण्यात आणखी एक लाभ आहे. पक्षी, बेडूक, पाली, मासे किती खातील? त्यांची पोटे भरतात, तरीही काही जोड्या उरतात. थोडी थोडी निघाली असती तर एकही उरली नसती.

दुसऱ्या दिवशीचा मासा

आता त्या जूनची उरलेली गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी पावसाने कहर केला. व्हाळ तांबडा झाला, काठ सोडून कुणग्यांत शिरला. सकाळी गावात एकच गलबला उठला, "चढण लागली!" पहिल्या पुराबरोबर नदीतले गोड्या पाण्यातील मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, व्हाळातून शेतांत शिरतात, यालाच चढणीचे मासे किंवा वलगण म्हणतात. माणसे पागाची जाळी, टोपल्या, काठ्या, जे हाती लागेल ते घेऊन धावत होती. मीही माझी काठी घेऊन मेरेवर उभा राहिलो. घोट्याएवढ्या पाण्यातून मासे पाठी उघड्या टाकून सरपटत चढत होते. गरीची गरजच नव्हती. मी हातानेच एक वीतभर मासा धरला आणि विजयी मुद्रेने मामीपुढे नेऊन ठेवला.

मामीने विळीवर त्याचे पोट चिरले. आत मांस थोडे आणि अंडी फार होती. मोहरीसारखे पिवळे दाणे तिच्या बोटांवरून ओघळू लागले. मी किळसलो नाही, पण गप्प झालो. मामा पाहत होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "अरे, ती माहेराक इली आसा."

ती माहेरी आली आहे. बाळंतपणाला. दहा वर्षांच्या मुलाला याहून अधिक सांगण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी माझी मावशी पहिल्या बाळंतपणासाठी केरीला आली होती आणि माजघरात सर्वजण दबक्या पावलांनी वावरत होते.

मामांनी मला साधुपुरुष भासवावे म्हणून मी हे लिहीत नाही. तरुणपणी त्यांनीही चढणीचे मासे टोपल्यांनी आणले होते, आणि तो मासाही त्या दुपारी आमच्या ताटात आलाच. गरिबीच्या घरात मेनंतर ताजे मासे मिळणे अवघड होई. समुद्र खवळलेला, होड्या ओढून घेतलेल्या, तेव्हा दारात चालत आलेले अन्न कोण सोडील? पण त्यानंतर मामा स्वतः चढणीच्या पहिल्या पाण्यात उतरले नाहीत. पाणी उतरेपर्यंत थांबत.

मुहूर्त एकच, हेच अवघड

विंचेस्टरच्या त्या वृद्ध गृहस्थांशी बोलताना मी विचारले, "तुमचा ट्राउट अंडी केव्हा घालतो?" ते म्हणाले, "हिवाळ्यात. नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास. तेव्हा आम्ही त्याला हात लावीत नाही." त्या उत्तराने मला माझ्या लहानपणीचा तिढा उलगडला. त्यांच्याकडे पाखरांचा हंगाम आणि माशाच्या प्रसूतीचा काळ यांत जवळजवळ अर्ध्या वर्षाचे अंतर आहे. मे महिन्यात वर येणारा ट्राउट केवळ भुकेला असतो. बाळंतपण उरकून तो पुन्हा अंग धरीत असतो. म्हणून तेथे निसर्गाने दिलेली मौज आणि कायद्याने घातलेली बंदी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आपल्याकडे एकच पाऊस दोन्ही दारे उघडतो. ज्या सरीने रोयणीतून पाखरू बाहेर पडते, तीच सर माशाला सांगते की शेतांत उथळ पाणी साचले आहे, तेथे मोठे शत्रू नाहीत, किडामुंगी भरपूर आहे, पिल्ले तेथेच वाढतील. मासा सर्वांत भुकेला, सर्वांत बेसावध आणि सर्वांत मोलाचा असतो तो त्याच दोन-चार दिवसांत. म्हणजे गरवण्याची कला जेथे सर्वांत सोपी होते, नेमके तेथेच थांबण्याची कला लागते. ट्राउटच्या देशातील नियम जसेच्या तसे आणून येथे भागणार नाही.

समुद्रापुरता नियम आपल्याकडे आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यावर तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने कधीच बंदी घातली आहे. पण व्हाळातून कुणग्यात चढणाऱ्या वीतभर मादीपर्यंत समुद्राचा पहारा पोचत नाही. तेथे माणसाची समजच कामाला येते.

खाडीच्या तोंडाशी आणखी एक उदाहरण आहे. ओहोटी लागली की खाजण शेतांच्या मानशीतून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून, कोळंबी बाहेर वाहते. तिची वाट पाहत चोणक आणि तांबोशी दबा धरून असतात. केरीच्या काठी संध्याकाळी गरी टाकून बसणारी माणसे याच घटकेची वाट पाहतात. या चोणकाचे वैशिष्ट्य असे की तो आयुष्याचा पहिला भाग नर म्हणून काढतो आणि मोठा झाला की मादी होतो. तेव्हा ज्याच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यावेसे वाटते असा भला मोठा चोणक बहुधा मादीच असतो, आणि लाखो अंडी तिच्याच पोटात असतात. मध्यम आकाराचा ठेवून मोठा सोडून द्यावा, हे ऐकायला उलटे वाटते, पण खाडीच्या हिशेबाने तेच सुलटे आहे.

नळाखालचे दगड

पेडणे तालुका आता फार बदलला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि होडी-बैलगाडीने दोन-अडीच दिवस खाणारा आमचा प्रवास काही तासांवर आला. मामा-मामी आज नाहीत. गेल्या जूनमध्ये मी मुद्दाम पहिला पाऊस गाठण्यासाठी केरीला गेलो आणि मामेभावाबरोबर व्हाळावर उभा राहिलो. बरेच कुणगे पडीक होते. काहींवर भर टाकून घरे उठली होती. वाटेचा रस्ता झाला होता, आणि व्हाळ आता त्याच्याखाली सिमेंटच्या नळातून जात होता.

चढण लागली होती. पण मासे नळाच्या खालच्या तोंडाशी येऊन थबकत होते. पाण्याने तळ खणून नेल्यामुळे नळाचे तोंड हातभर वर लोंबकळत राहिले होते आणि त्यातून पाणी धबधब्यासारखे पडत होते. मासे उड्या मारीत, सिमेंटवर आपटत, पुन्हा खाली पडत. काठावर दोन मुले टोपली घेऊन उभी होती. त्यांना काहीच करावे लागत नव्हते. मासे आपण होऊन टोपलीत पडत होते.

मामेभावाने मुलांना हाक मारली. रागावून नव्हे. "टोपली ठेवा आणि दगड आणा." जांभ्याचे दगड जवळच पडले होते. आम्ही चौघांनी तासभर खपून नळापुढे दगडांची आडवी ओळ रचली, तिच्या खाली दुसरी, थोडी ठेंगणी. पाणी अडून नळाच्या तोंडापर्यंत चढले. एका उडीच्या जागी दोन पायऱ्या झाल्या. मग आम्ही भिजत बाजूला उभे राहिलो. बराच वेळ काही झाले नाही. नंतर एक काळी पाठ पहिल्या पायरीवर दिसली, दुसरीवर दिसली आणि नळाच्या काळोखात शिरली. धाकटा मुलगा धावत रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि तेथून ओरडला, "गेली! वर गेली!"

आपल्यापैकी अनेकांचे आजोळ असेच कोठे तरी व्हाळाच्या किंवा ओढ्याच्या काठी आहे आणि वर्षातून एकदा तरी आपण तेथे जातो. पुढच्या जूनमध्ये गेलात तर तीन गोष्टी करून पाहाव्यात अशी विनंती आहे. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी ओसरीवरचा दिवा तासभर मालवावा, म्हणजे पाखरे दिव्यावर मरण्याऐवजी आपल्या वाटेने जातील. मुलांना व्हाळावर नेऊन पाण्यावरची वर्तुळे दाखवावीत आणि वाटल्यास एखादा मासा गरवूनही द्यावा. आणि दुसऱ्या दिवशी चढण लागली की काठी घरी ठेवून, जाता जाता नळाचे तोंड तेवढे पाहून यावे.